फोटो कुणाचा, चेहरा कुणाचा?

माझ्या थोरल्या खालाचा तरुणपणीचा एकही फोटो आमच्या घरात नाही. नानांचा आहे, मामूंचा नव्या सायकलसोबतचा आहे, ईदच्या दिवशी अंगणात काढलेला सगळ्या पोरांचा आहे. खाला कुठेच नाही. ती पहिल्यांदा दिसते ती थेट चाळिशीत, धाकट्या मामूंच्या वलीम्यात, मागच्या रांगेत, अर्धा चेहरा पदराआड.

त्याचे कारण लहानपणी तुकड्या-तुकड्यांत कानावर आले. साल १९७९. खाला बारावी पास झाली होती आणि डी.एड.चा फॉर्म भरायचा होता. नाना तिला तालुक्याच्या फोटो स्टुडिओत घेऊन गेले. फॉर्मचे छोटे फोटो काढून झाल्यावर फोटोवाला म्हणाला, "मास्तर, पोरीचा एक मोठाही काढून ठेवतो, उपयोगी पडेल." नाना शिवणकाम करायचे, म्हणून गावासाठी ते मास्तर. त्यांनी दोन्हीचे पैसे दिले. महिन्याभराने जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर कुणीतरी त्यांना विचारले, "मास्तर, तुमच्या पोरीचा फोटो बाजारात लागलाय, बघितला का?"

फोटोवाल्याने तो मोठा फोटो हाताने रंगवून, फ्रेम करून दुकानाच्या दर्शनी काचेत लावला होता. नाना जाब विचारायला गेले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "चेहरा तुमच्या पोरीचा, मास्तर. पण कॅमेरा माझा, फिल्म माझी, निगेटिव्ह माझ्याकडे. फोटो माझाच झाला की."

दोन दिवसांनी फोटो उतरला. पण डी.एड.चा फॉर्म त्या वर्षी गेलाच नाही. पुढच्या वर्षी खालाचे लग्न झाले. घरात नियम झाला की मुलींनी फोटो काढायचा नाही. फोटो लावला फोटोवाल्याने आणि शिक्षा भोगली खालाने.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि दुकानाची काच जगभर पसरली आहे. कुणाचा फोटो कुठून उचलला जाईल आणि कुठे लागेल याचा भरवसा नाही. म्हणून फोटोवाल्याच्या त्या वाक्याचा इतिहास शोधावासा वाटला. तो शोधताना लक्षात आले की नेमका हाच युक्तिवाद त्याच्या ९० वर्षे आधी एका इंग्रजी न्यायालयात झाला होता.

रोचेस्टर, इंग्लंड, १८८८

इंग्लंडच्या केंट परगण्यात रोचेस्टर नावाचे शहर आहे. तिथल्या एका फोटो कंपनीच्या दुकानात मिसेस पोलार्ड नावाच्या बाईंनी पैसे देऊन स्वतःचा फोटो काढून घेतला. काही दिवसांनी तोच फोटो वेलबुट्टी काढून नाताळचे शुभेच्छापत्र म्हणून दुकानाच्या काचेत लागला. बाई आणि त्यांचे पती कोर्टात गेले.

कंपनीच्या वकिलाचे म्हणणे असे होते की माणसाची स्वतःच्या चेहरेपट्टीवर मालकी नसते. बदनामी होत नसेल, तर निगेटिव्हचे काय करायचे हा फोटोग्राफरचा प्रश्न आहे. आमच्या तालुक्याच्या फोटोवाल्याने हा खटला वाचलेला असणे शक्य नाही. तरी त्याचे म्हणणे तेच होते.

न्यायमूर्ती नॉर्थ यांनी १८८८च्या डिसेंबरमध्ये हा युक्तिवाद फेटाळला. ग्राहक फोटोग्राफरसमोर बसतो तो आपल्याला प्रती मिळाव्यात म्हणून. त्या कामासाठी दिलेली निगेटिव्ह दुसऱ्या कामाला वापरणे म्हणजे करार मोडणे आणि विश्वासघात करणे, असे त्यांनी ठरवले आणि कार्डे विकण्यास व लावण्यास मनाई केली.

निकाल चांगला होता, पण त्याचा पाया लक्षात घ्यायला हवा. मिसेस पोलार्ड जिंकल्या त्या ग्राहक होत्या म्हणून. रस्त्यावरून जाताना कुणी त्यांचा फोटो काढला असता तर या निकालाचा त्यांना उपयोग नव्हता.

रोचेस्टर, न्यूयॉर्क, १९०२

त्याच १८८८ साली अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर या शहरातून जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. एका रिळात १०० फोटो. स्टुडिओ नको, खुर्चीत ताठ बसणे नको, विचारणेही नको. दोनच वर्षांनी, १८९० मध्ये, सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या बोस्टनच्या दोन वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावर एक लेख लिहिला. झटपट फोटो आणि वर्तमानपत्रे घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणत आहेत, म्हणून माणसाला 'एकटे राहू देण्याचा' हक्क कायद्याने मान्य करावा, असे त्यांनी मांडले. त्यात त्यांनी मिसेस पोलार्डच्या खटल्याचाही आधार घेतला.

हा हक्क पहिल्यांदा मोठ्या कसोटीला लागला तो कोडॅकच्याच शहरात. ॲबिगेल रॉबर्सन ही तिथली एक किशोरवयीन मुलगी. एका पिठाच्या कंपनीने तिला न विचारता तिच्या फोटोच्या सुमारे २५,००० जाहिराती छापल्या. त्या दुकानांत, गोदामांत, दारूच्या गुत्त्यांत लागल्या. ओळखीचे लोक चेष्टा करू लागले. मुलीने अंथरूण धरले. तिच्या वतीने दावा झाला. खालच्या न्यायालयांत ती जिंकली, पण १९०२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयात चार विरुद्ध तीन अशा मतांनी हरली. मुख्य न्यायाधीश आल्टन पार्कर यांनी लिहिले की असा कोणताही हक्क कायद्यात नाही. दुसऱ्या एखादीला हे आपल्या सौंदर्याचे कौतुकच वाटले असते, अशा अर्थाची पुस्तीही त्यांनी जोडली.

या निकालावर लोक इतके चिडले की पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने कायदा केला. जाहिरातीसाठी किंवा व्यापारासाठी कुणाचे नाव वा चित्र लेखी संमतीशिवाय वापरता येणार नाही. त्यानंतर १९०४ मध्ये हेच पार्कर अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवायला उभे राहिले आणि फोटोग्राफर आपला व घरच्यांचा पिच्छा सोडत नाहीत म्हणून तक्रार करू लागले. तेव्हा ॲबिगेलने वर्तमानपत्रात पत्र लिहून त्यांना आठवण करून दिली की असा हक्क नसतो हे आपणच मला सांगितले होते.

ज्याच्या चेहऱ्याला काही होत नाही, त्याला दुसऱ्याच्या चेहऱ्याचे दुःख ही नाजूक मनाची तक्रार वाटते. पार्करसाहेबांना ते स्वतःवर आल्यावर कळले.

आपल्याकडचा कायदा

फोटोला कॉपीराइट देणारा पहिला इंग्रजी कायदा १८६२चा. त्यातच पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोची मालकी, वेगळे काही ठरले नसेल तर, पैसे देणाऱ्याकडे ठेवली होती. १९११च्या इंग्रजी कायद्याने ही रीत पुढे नेली आणि १९१४च्या भारतीय कॉपीराइट कायद्याने ती आपल्याकडे आली. स्वातंत्र्यानंतर १९५७चा कॉपीराइट कायदा झाला. त्याचे कलम १७ आजही सांगते की कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि उलट करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक तो काढवून घेणारा.

हे कलम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ त्या पानावरून पुढे सरकलो नाही. १९७९ मध्ये हा कायदा लागू होऊन २१ वर्षे झाली होती. नानांनी पैसे मोजले होते. कुठलाही करार नव्हता. म्हणजे तो फोटोवाला साफ चूक होता आणि नाना बरोबर होते. पण हे नानांना ठाऊक नव्हते, फोटोवाल्याला ठाऊक नव्हते, आणि मशिदीच्या पायरीवर ज्यांनी नानांना तोंड लपवायला लावले त्यांना तर नव्हतेच.

मग दुसरा विचार आला. कायद्याने त्या फोटोचे मालक कोण ठरतात? नाना, कारण पैसे त्यांनी दिले. खाला नाही. कॉपीराइटच्या हिशेबात दोनच माणसे बसतात, फोटो काढणारा आणि पैसे देणारा. ज्याचा चेहरा आहे तो तिसरा, आणि तो जर स्वतः या दोघांपैकी कुणी नसेल तर कॉपीराइटचा कायदा त्याला ओळखतच नाही. सेल्फीचा कॉपीराइट तुमचा, कारण कळ तुम्ही दाबली. मैत्रिणीने काढलेल्या तुमच्या फोटोचा कॉपीराइट मैत्रिणीचा.

चेहऱ्याच्या मालकाला आपल्याकडे दार उघडले ते दुसऱ्या रस्त्याने आणि उशिरा. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात 'एकटे राहू देण्याचा' हक्क जगण्याच्या हक्कातच धरला आणि संमतीशिवाय कुणाचे नाव किंवा प्रतिमा वापरणे हे त्याचे उल्लंघन ठरू शकते असे म्हटले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले.

संमतीची मर्यादा

इथे एक आक्षेप रास्त आहे. प्रत्येक फोटोला संमती लागली, तर दंगलीचे, लाठीमाराचे, उपासमारीचे फोटो कधीच छापले जाणार नाहीत. सत्तेला ते हवेच असते. १ मार्च २००२ रोजी अहमदाबादमध्ये रॉयटर्सचे फोटोग्राफर अर्को दत्ता यांनी हात जोडून उभ्या असलेल्या एका माणसाचा फोटो काढला. तो फोटो नसता तर त्या दिवसांची साक्ष दुबळी झाली असती. बातमीसाठी कायद्याने दिलेली मोकळीक म्हणूनच टिकली पाहिजे.

पण त्या माणसाचे पुढे काय झाले तेही पाहावे. तो बहिणीकडे मालेगावला आला. पंधरा दिवसांत सहकाऱ्याच्या हातातल्या वर्तमानपत्रात त्याचा फोटो निघाला आणि त्याचे काम गेले. पुढे तो काही काळ कोलकात्याला राहिला, मग परत अहमदाबादला गेला. त्याचा चेहरा राजकीय प्रचारात वापरला गेला, तोही त्याला न विचारता. आपल्याला आता साधे जगू द्या, असे त्याने अनेकदा सांगितले. त्याचे नाव अनेकांना माहीत आहे. त्याची ती इच्छा मानून मी ते इथे लिहीत नाही. बातमी ही एक गोष्ट आहे. बातमी संपल्यावर त्या चेहऱ्याचे पोस्टर करणे ही दुसरी गोष्ट.

नवी काच

जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' नावाचे ॲप गिटहबवर उघडले गेले. ८० हून अधिक मुस्लिम स्त्रियांचे फोटो ट्विटरवरून उचलून त्यांचा 'लिलाव' मांडला होता. नावातली शिवी मुस्लिम स्त्रियांसाठीच वापरली जाणारी. त्यात पत्रकार होत्या, वैमानिक होत्या, विद्यार्थिनी होत्या. तक्रारी झाल्या, गुन्हे नोंदले गेले आणि सहा महिने कुणालाही अटक झाली नाही. १ जानेवारी २०२२ला, नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी, 'बुल्ली बाई' नावाचे दुसरे ॲप आले. या वेळी १०० हून अधिक स्त्रिया. दिल्लीतून बेपत्ता झालेल्या मुलासाठी वर्षानुवर्षे दारोदार फिरणारी एक म्हातारी आईसुद्धा त्या यादीत होती.

या वेळी मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने हालचाल केली आणि काही दिवसांतच बंगळुरूमधून पहिली अटक झाली. मग दिल्ली पोलीसही हलले आणि आधीच्या ॲपचा संशयितही त्याच महिन्यात इंदूरमध्ये पकडला गेला. पकडलेले बहुतेक विशीच्या आसपासचे, शिकणारे. गुन्हे लावले गेले ते समाजांत वैर पसरवणे, पाठलाग, विनयभंग, बदनामी या कलमांखाली, आणि ते योग्यच होते.

पण ते फोटो कसले होते? ऑफिसात बसलेल्या, भाषण करताना, ईदच्या कपड्यांत हसणाऱ्या बायकांचे साधे फोटो. नग्न किंवा बनावट केलेले फोटो २४ तासांत उतरवा, असे २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी कंपन्यांना सांगितले होते. साधा फोटो चोरून त्यावर बोली लावणे या व्याख्येत नीट बसत नव्हते. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा तर पुढे जाऊन म्हणतो की जी माहिती माणसाने स्वतःच सार्वजनिक केली आहे तिला हा कायदा लागू नाही. तुम्हीच लावला ना फोटो, मग तक्रार कसली? फोटोवाल्याचा सूर थोडा बदलून संसदेच्या कायद्यात आला.

याउलट नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिताभ बच्चन यांचे नाव, आवाज आणि चेहरा परवानगीशिवाय वापरू नये असा अंतरिम आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला. २०२३ मध्ये अनिल कपूर यांना, २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाकडून अरिजित सिंग यांना असेच संरक्षण मिळाले. मिळाले ते बरेच झाले. पण या आदेशांमागे चेहऱ्याची बाजारातली किंमत मोठी आहे आणि दारात मोठे वकीलही आहेत. ज्या चेहऱ्याला किंमत नाही त्याच्यावर कुणी बोली लावली, तर त्याला सहा महिने थांबावे लागते.

म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. चेहऱ्याच्या कायद्यापेक्षा मालकीचा कायदा आजही वेगाने पळतो. २०१३च्या कॉपीराइट नियमांप्रमाणे मालकाची लेखी तक्रार आल्यावर संकेतस्थळाने ३६ तासांत मजकूर बंद करायचा असतो. पुढे २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला होऊ शकतो, पण तेवढी उसंत मोठी असते. अमेरिकेच्या १९९८च्या कायद्यातही अशीच सोय आहे आणि मोठ्या कंपन्यांचे तक्रारीचे अर्ज त्यावरच बेतलेले असतात. फोटो तुम्ही स्वतः काढलेला असेल तर हे हत्यार तुमचे आहे. लग्नाच्या फोटोवाल्याने तुमच्या मुलीचे फोटो जाहिरातीला वापरले असतील तर कलम १७ तुमच्या बाजूने आहे, फक्त बिलाच्या मागे बारीक अक्षरात उलटे काही लिहिलेले नाही ना, ते आधी वाचा. खाते उघडताना आपण कंपनीला फोटो वापरायचा परवाना देतो, मालकी देत नाही. आणि पोलिसांत जाण्याआधी पडद्याचे स्क्रीनशॉट, पत्ता आणि तारीख जपून ठेवा.

डेन्मार्कच्या सरकारने २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या नकली चित्रफितींविरुद्ध एक प्रस्ताव मांडला. माणसाला स्वतःच्या चेहऱ्यावर आणि आवाजावर कॉपीराइटसारखा हक्क द्यायचा. चेहरेपट्टीवर मालकी नसते असे जिथे वकील म्हणाला होता, तिथून इथवर यायला १३७ वर्षे लागली.

आपल्या घरातला निकाल

कायद्याचे झाले. पण सुल्ली डील्सनंतर आपल्या घरांत काय निकाल लागला? मी चार घरांत तेच वाक्य ऐकले: "आता फोटो काढून टाका, मुलींना सांगा अकाउंट बंद करा." कुणी काळजीने म्हणाले, कुणी दटावून. १९७९ मध्ये आमच्या घराने दिलेला निकाल तो हाच. ज्याने हे ॲप बनवले त्यालाही नेमके हेच हवे होते, की या बायका दिसू नयेत, बोलू नयेत. त्याचे अर्धे काम आपण घरबसल्या करून देत होतो.

जे यासाठी दीनचा हवाला देतात त्यांनी सूरह अन्-नूर पुन्हा वाचावी. दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय शिरू नका, हा हुकूम त्यात आहे. नजर खाली ठेवायला तिथे आधी पुरुषांना सांगितले आहे, बायकांना नंतर. परवानगीचे ओझे शिरणाऱ्यावर आहे. ज्याचे घर आहे त्याने घर पाडून टाकावे, असे तिथे कुठेही म्हटलेले नाही.

मागच्या वर्षी खालाकडे गेलो होतो. आता ती साठीच्या पुढे आहे, नातीचा फोन तिच्या हातात असतो. कलम १७ तिला समजावून सांगितले. ती हसली आणि म्हणाली, "म्हणजे तो फोटो तुझ्या नानांचा होता." मी म्हटले, कायद्याने हो. मग बराच वेळ ती काही बोलली नाही. चहा झाल्यावर म्हणाली, "सगळ्या बाजारानं बघितला रे तो फोटो. मी नाही बघितला. मला कुणी नेलंच नाही बघायला."

मी निघताना तिने नातीला हाक मारली आणि आम्हा दोघांचा एक फोटो काढायला लावला. पदर सारखा केला, चेहरा पूर्ण दिसू दिला. नातीने विचारले, "दादी, स्टेटसला ठेवू?" खाला म्हणाली, "आधी मला दाखव."